साडूचं पिवळं शीड

अहो चष्मेवाले,

तुमच्यावर लिहायला बसले आहे. रागवायचं असेल तर आत्ताच रागावून घ्या, म्हणजे पुढचं वाचायला डोकं मोकळं राहील. तुमच्या बायकोची मी थोरली बहीण, नात्यानं तुमची आकडसासू. तेव्हा तुम्हाला माझ्यावर ओरडता येत नाही, आणि या सोयीचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे. थोरामोठ्यांच्या चरित्रांनी कपाटं भरली आहेत. चष्मा उत्तम बनवणाऱ्या, मासा बरा पकडणाऱ्या आणि दुसऱ्याचं चांगलं झालेलं अजिबात न बघवणाऱ्या माणसाचं मात्र कुणी लिहीत नाही. यातलं अर्धं मला धाकटीच्या नवऱ्यानं सांगितलं, अर्धं तुम्हीच माझ्या स्वयंपाकघरात बसून ओकलात, आणि उरलेलं मला दिसत होतंच. इथून पुढे तुम्हाला ‘तो’ म्हणते. अहो-जाहो करत खरं लिहिता येत नाही.

तर हा चष्मेवाला.

औषधाचं दुकान आणि किल्ल्या बनवणारा या दोघांच्या मध्ये, कपाटात कोंबलेल्या उशीसारखं त्याचं दुकान होतं. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकानं पायरीवर उभं राहायचं. मागच्या बाजूला भिंग घासायचं चाक, चाकाखाली पांढऱ्या राडीनं भरलेलं घमेलं, आणि चाकासमोर हा, मान वाकडी करून. काम मात्र चोख. जुना चष्मा हातात घेऊन कॅलेंडरच्या रेघेसमोर भिंग डावी-उजवीकडे हलवायचा आणि नंबर सांगायचा. मागाहून यंत्रही तेच सांगायचं. दांडीचा स्क्रू असा आवळायचा की चष्मा तुटेल, पण स्क्रू सुटणार नाही. ‘ढिला स्क्रू म्हणजे परत आलेलं गिऱ्हाईक,’ हे त्याचं ब्रीद.

पण हात चोख असला म्हणून मन मोकळं असतंच असं नाही. औषधवाल्यानं नवी पाटी लावली तेव्हा याला जेवण गोड लागेना. किल्लीवाल्याकडे गर्दी दिसली की हा पुटपुटायचा, “लोकांना किल्ल्या हरवायला बरं सुचतं.” समोरच्या न्हाव्यानं गोल फिरणारी खुर्ची आणली, त्या दिवशी यानं आपल्या दुकानातलं स्टूल उचलून माळ्यावर टाकलं. का, ते त्यालाच ठाऊक. न्हाव्याच्या खुर्चीचा राग स्टुलावर काढणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

लहानपणी याला थोरल्या भावाचे कपडे मिळाले, भावाची पुस्तकं मिळाली आणि नजर कमी झाल्यावर भावाचाच जुना चष्मा मिळाला, काचा तेवढ्या बदलून. ती फ्रेम याच्या नाकावर कधी बसलीच नाही. वर ढकलायची, ती खाली यायची. त्या घसरणाऱ्या फ्रेमपायीच आपण या धंद्यात आलो असं तो सांगतो. आपल्याच मापानं, आपल्यासाठी म्हणून कुणी काही केलंय, असं त्याच्या आयुष्यात झालंच नव्हतं. हे एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढे मला समजावत बसायला नको.

त्याची बायको, म्हणजे आमची मधली, घरीच पडदे शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, जमिनीवर कापडाचे डोंगर, आणि मधली तोंडात टाचण्या धरून. तोंडात टाचण्या असलेल्या बाईशी भांडता येत नाही, त्यामुळे संसार बरा चालला होता. शेजारच्या बोळात भिंतीला दोन मजबूत आकडे ठोकून त्यावर याची कयाक टांगलेली असायची. प्लॅस्टिकची, पिवळीधमक, वर बसून वल्हवायची मासेमारीची अरुंद होडी. कुणाची तरी जुनी घेतलेली, हे सांगायला नकोच.

दुकान बंद असायचं त्या दिवशी हा पहाटेच ती तळ्यावर न्यायचा. शहर संपतं तिथून ते लांबलचक तळं सुरू होतं. सकाळी पाणी आरशासारखं असतं. तेव्हा वल्हवत पलीकडच्या टोकाच्या लव्हाळ्यांपर्यंत जायचं, गळ टाकायचा, आणि दुपारी वारा सुटला की त्याला पाठीवर घेऊन परत यायचं. पहिल्याच फेरीत याचा गळ काढायचा चिमटा पाण्यात पडला होता. तेव्हापासून कयाकवरची एकूण एक वस्तू यानं बांधून टाकली. गळाची काठी, वल्हं, डबा, सुरी, पाण्याची बाटली, सगळं. आणि बांधायला काय, तर दुकानात विकतो त्या चष्मा गळ्यात अडकवायच्या दोऱ्या! काळ्या, निळ्या, मण्यांच्यासुद्धा. लांबून पाहिलं तर वाटायचं, एखाद्या म्हाताऱ्यांच्या सहलीतले सगळे चष्मे गोळा करून निघालाय.

एका गारठलेल्या संध्याकाळी मधली बोळात गेली. कयाकच्या पुढच्या खाचेत झेंडा लावायची अॅल्युमिनियमची बारीक नळी होती. मोटारबोटींना दुरून दिसावं म्हणून. तिनं गळ्यातली मोजपट्टी काढून त्या नळीला गुंडाळली.

“काय मोजतेस?”

“घेर.”

“कशाला?”

“सहज. अहो, येताना वारा पाठीशीच असतो ना? मग एखादं लहानसं शीड लावलं तर? घरी येता तेव्हा खांदे वर होत नाहीत तुमचे.”

किल्लीवाला चहाला आला होता. चारचौघांत बायकोचं ऐकलं तर कमीपणा येतो, अशी समजूत असलेल्यांपैकीच हा. मोठ्यानं हसून म्हणाला, “ऐकलंत का हो? आता पडदे लावून मासे धरायचे! बरोबर चार उश्याही शिवून दे. मासे आले की निजतील.”

किल्लीवाला हसला. मधलीही हसली, मोजपट्टी गुंडाळली आणि आत गेली. विषय संपला. निदान त्याच्यापुरता.

आता साडूकडे येऊ. आमच्या धाकटीचा नवरा नळ बसवायची कामं करतो. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा, सगळ्यांना हाका मारत रस्त्यानं जाणारा माणूस. मासेमारी त्याला शिकवली ती यानंच. गळाला गाठ कशी मारायची इथपासून. साडूनं नवी कोरी लाल कयाक घेतली. नवी! तिथेच याच्या पोटात पहिली कळ आली. तरी साडूला मासे कमी मिळायचे, त्यामुळे दोघांचं जमून होतं. आपल्यापेक्षा जरा कमी असलेल्या माणसावर याचं फार प्रेम बसतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी दोघं लव्हाळ्यांपाशी होते. वारा उठला. यानं सवयीनं वल्हं उचललं. साडूनं मात्र पायाशी ठेवलेला नळाचा जाड पांढरा पाइप उचलून कयाकच्या पुढच्या भोकात उभा केला. पाइपला गुंडाळलेलं कापड सोडलं आणि खालची आडवी काठी फिरवली. फडफड करत छत्रीच्या कापडाचं पिवळं शीड उघडलं. बुचं मारलेले दोन पाइप त्यानं कयाकच्या दोन्ही अंगांना उलांडीसारखे बांधून घेतले होते, कलंडू नये म्हणून. शिडाची दोरी एका हातात, दुसऱ्या हातात थर्मास.

“येतो हं साडूबुवा! पुढे जाऊन चहा टाकायला सांगतो!”

आणि गेला. हात न हलवता गेला. हा मागून वल्हवत राहिला. घामानं चष्मा घसरत होता, आणि समोर तो पिवळा त्रिकोण लहान लहान होत चालला होता. “लाल कयाकवर पिवळं शीड!” तो पाण्याला ऐकवत होता. “नळवाल्याला रंगाची अक्कल ती कुठली! आणि दोन बाजूंना ते पाइप! लहान पोराच्या सायकलला मागची चाकं असतात तसे!”

साडूच्या घरी पोचला तेव्हा चहा खरंच तयार होता. यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, “शीड कुठून आणलंत?”

“आणायचंय कशाला? ताईंनी शिवलं की!” साडू म्हणाला. “तुम्हाला ठाऊक नाही? काय हो, एका घरात राहता ना?”

धाकटी फिसकन हसली. याच्या हातातला चहा तसाच राहिला.

घरी मधली मशीनवर होती. “ते शीड तू शिवलंस?”

“हो.”

“मला बोलली नाहीस.”

तिनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. “तुम्हाला कुठे पडद्यांत रस?” म्हणाली आणि पुन्हा तोंडात घातल्या.

झालं. तिथून त्याच्या आत जे पेटलं ते विझायचं नाव घेईना. आपली बायको, आपलं मशीन, आपल्या खिडकीतला उजेड, आणि शीड कुणाला? नळवाल्याला! दुकानात कुणी पिवळी फ्रेम मागितली की हा “संपल्या” म्हणून सांगे. घरी मशीनची खडखड ऐकू आली की कान टवकारे, आता साडूला आणखी काय शिवून देतेय कोण जाणे! साडूनं मोठा मासा दाखवला तर म्हणे, “वाऱ्यानंच आणून दिला असेल.” मधलीच्या समोर तो मुद्दाम खांदे चोळत बसे, हात वर होत नाही असं दाखवी. ती औषधी तेलाची बाटली आणून समोर ठेवी आणि परत मशीनवर जाई.

एका शब्दाचं काम होतं. ‘मलाही शिवून दे.’ मधलीनं त्याच दिवशी शिवून दिलं असतं. पण तो शब्द तो काढणार नव्हता. मागून मिळालेली वस्तू, तीही साडूच्या पाठोपाठ, म्हणजे पुन्हा भावाचा चष्मा! तिनं आपण होऊन म्हणावं, ‘अहो, तुमच्यासाठी एक करू का?’ एवढंच त्याला हवं होतं. तो वाट पाहत होता आणि ती पडदे शिवत होती.

मग एक दिवस यानं माळ्यावरून जुना फलक काढला. जाड, गुळगुळीत कापडावर छापलेला एक अवाढव्य डोळा, खाली ‘आजच डोळे तपासून घ्या’. त्यातूनच त्यानं आपलं शीड कापलं, साडूच्यापेक्षा हातभर मोठं. सुई लावलीच नाही. कडा फ्रेमच्या गोंदानं चिकटवल्या. झेंड्याची नळी डोलकाठी म्हणून वापरली आणि ती अशी आवळून बसवली की तसूभर फिरणार नाही. आणि शिडाची दोरी? साडू ती हातात धरून बसतो हे यानं पाहिलं होतं. याला वाटलं, नळवाल्याला गाठ मारता येत नाही, दुसरं काय! कयाकवर एकही वस्तू सुटी नाही, मग हीच दोरी कशी सुटी ठेवायची? यानं ती आडव्या काठीपासून आणून बसायच्या जागेशी करकचून बांधली. वर दुहेरी गाठ मारली. त्यावर मण्यांची एक दोरी.

त्या दुपारी लव्हाळ्यांपासून साडू आधी निघाला. थोड्या वेळानं त्यानं मागे वळून पाहिलं, तर पाण्यावरून एक प्रचंड डोळा त्याच्याकडे धावत येत होता.

“अहो, हे काय? मी घाबरलो ना!”

“बाजूला व्हा!” चष्मेवाला ओरडला. “वाट द्या!”

आणि त्यानं साडूला मागे टाकलं. अगदी हाताच्या अंतरावरून. साडूचं तोंड उघडंच राहिलेलं त्यानं पाहिलं. ते तोंड पाहून त्याला जे वाटलं तसं लग्नात वाटलं नव्हतं, दुकान उघडलं तेव्हाही वाटलं नव्हतं. हे त्यानंच मला सांगितलंय, मी पदरचं घालत नाही.

तेवढ्यात वाऱ्यानं कूस बदलली. पाठीवरचा वारा कुशीवर आला आणि एक जोराचा झोत शिडावर आदळला. हातात दोरी असती तर माणूस ती सोडून देतो. शीड फडफडतं, वारा निघून जातो, खेळ संपतो. याची दोरी बांधलेली. मागून साडू ओरडत होता, “सोडा! दोरी सोडा!” आणि हा दुहेरी गाठ नखांनी उकलत होता. स्वतःच मारलेली गाठ, कशी सुटेल? कयाक आडवी झाली, मग पालथी. डोळा पाण्यात गेला.

लाइफ जॅकेट होतं म्हणून हा वर आला. वर आला तो काठी, डबा, बाटली, वल्हं या सगळ्याच्या मधोमध. काही म्हणता काही हरवलं नव्हतं. सगळं चोख बांधलेलं, आणि हा त्या दोऱ्यांच्या जंजाळात माशासारखा अडकलेला. साडूनं आपली दोरी सोडली. पिवळं शीड ढिलं पडलं आणि तो वाऱ्याबरोबर अलगद याच्याशी येऊन टेकला.

“हलू नका,” म्हणाला, आणि सुरीनं एकेक दोरी कापू लागला. “चष्म्याच्या दोऱ्या! अहो, तुम्ही स्वतःला पण बांधून घेतलंत की काय?”

“बडबड कमी करा.”

“पाण्यात आहात तोवर मी बोलणार. बाहेर आल्यावर तुम्ही बोलू देत नाही.”

त्यानं नळी उपसून काढली, डोळ्याचं शीड गुंडाळलं, पिवळी कयाक उलटवून सरळ केली आणि मागे बांधली. याला वल्हं धरवेना. उलांड्या होत्या म्हणून लाल कयाकवर दोघं मावले. ‘मागची चाकं’ कामाला आली म्हणायची! साडूनं याला आपल्या पुढ्यात, डोलकाठीशी बसवलं. दोरी खेचली, शीड भरलं, आणि दोघं निघाले.

याचा चष्मा मात्र गळ्यात शाबूत होता. ती एक दोरी साडूनं कापली नव्हती. यानं तो पुसला, डोळ्यावर चढवला. नाकासमोर वीतभर अंतरावर बायकोनं शिवलेलं शीड होतं. बघायचं नव्हतं, पण दुसरीकडे बघणार कुठे?

समोरून ऊन येत होतं. पाइप जिथून ओवला होता, त्या शिवणीच्या आतल्या अंगाला त्याला उजेडाच्या बारीक बारीक ठिपक्यांची एक रेघ दिसली. सरळ, एकसारखी, वरपासून खालपर्यंत. सुईची भोकं. आधी तिथे शिवण होती, ती उसवून पुढे सरकवली होती, जाड पाइप जाईल एवढी. छत्रीच्या कापडावर पडलेलं भोक बुजत नाही.

यानं बोट लावलं. घडीपासून त्या जुन्या रेघेपर्यंतचं अंतर. आयुष्य बारीक मापांत गेलेल्या माणसाला पट्टी लागत नाही. तेवढ्या जागेतून नळाचा पाइप गेला नसता. अॅल्युमिनियमची बारीक नळी मात्र नेमकी गेली असती, झेंड्याची. आणि कापड पिवळं. त्यानं मान वळवून मागे पाहिलं. दोरीच्या टोकाला त्याची पिवळी कयाक डुलत येत होती.

“साडू,” तो म्हणाला, “हे तुम्हाला दिलं तेव्हा नवंच शिवलं होतं का?”

“नाही हो, तयार पडलं होतं. मी नुसतं विचारायला गेलो होतो, ताई, असलं काही जमेल का? तर म्हणाल्या, एका गिऱ्हाइकानं नेलं नाही, तुम्ही घेऊन जा, नुसतं बाजूनं मोठं करून देते.”

“कुठलं गिऱ्हाईक?”

“मला काय ठाऊक! विक्षिप्त आहे म्हणाल्या.”

एखाद्याला वाटेल, आता याची जळजळ थांबली असेल. छे! इतके दिवस साडूची वस्तू पाहून जळत होता, त्याला निदान काही मर्यादा होती. आता आपली वस्तू, आपल्या मापाची, आपल्या रंगाची, कुणी न सांगता आपल्यासाठी शिवलेली, साडूच्या दोरीला बांधून चालली होती आणि आपण तिच्या पायाशी ओले बसलो होतो. आयुष्यात एकदाच मापाचं काही झालं, आणि ते यानं हसण्यावारी घालवलं. आता हेवा करायचा कुणाचा? किनाऱ्याला लागेपर्यंत तो बोटानं ती भोकं चाचपत होता.

घरी आला. बातमी त्याच्या आधी पोचली होती, धाकटीचा फोन.

“पडलात म्हणे,” मधली म्हणाली. तिनं मशीन थांबवलं, त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, उठून टॉवेल आणून दिला आणि पुन्हा बसली. तिचा दोरा सुईत जाईना. हे त्याला दिसलं. त्याला सगळंच दिसतं.

“तुझं ते गिऱ्हाईक...” तो म्हणाला.

“कुठलं?”

त्यानं टॉवेलात तोंड खुपसलं. मग म्हणाला, “काही नाही. चहा कर.”

“बॉबिन भरते, मग करते.”

पुढच्याच आठवड्यात तो थोरलीकडे आला. म्हणजे, चष्मेवाले, तुम्ही माझ्याकडे आलात. आता पुन्हा ‘तुम्ही’ म्हणायला हरकत नाही, खरं लिहून झालं. स्वयंपाकघरातल्या त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसलात, खिशातून छोटा पेचकस काढून आधी खुर्चीचा स्क्रू आवळलात आणि मग हे सगळं सांगितलंत.

“तुम्ही सांगा ना तिला,” म्हणालात. “तुमचं ऐकते ती. म्हणावं, एक शीड शीव.”

“तुमच्या तोंडाला काय झालंय?”

“मी मागितलं तर म्हणेल, साडूचं बघून मागताय.”

“मग? बघूनच मागताय.”

“तसं नव्हे हो आक्का. ते आधी माझंच होतं.”

“हे तिला सांगा. मला काय सांगता?”

खूप वेळ तुम्ही स्क्रू आवळत बसलात. शेवटी ठरलं असं की विचारायचं तुम्ही. तुम्ही विचारलंत की त्याच दिवशी कापड आणायचं मी, माझ्या गल्लीतल्या छत्रीवाल्याकडून, पिवळंच. मी लगेच जाऊन त्याला सांगून आले, एवढा तुकडा बाजूला काढून ठेव.

तुमच्या कयाकला अजून शीड नाही. साडू अजून पुढे जातो, तुम्ही अजून मागून वल्हवता आणि येऊन खांदे चोळता. मधली अजून तेलाची बाटली समोर ठेवते. मी भाजीला निघाले की छत्रीवाला दुकानातून हाक मारतो, “बाई, ते पिवळं कापड नेताय ना?”

मी म्हणते, “राहू दे, माप यायचंय.”